पोस्टर नंतर, आधी वेळापत्रक

विचारणारा तरुण नाशिकचा आहे. लग्नाचे व्हिडिओ आणि गणेश मंडळांचे फ्लेक्स करतो. शहरातलं एक हौशी चित्रपट मंडळ जानेवारीत तीन दिवसांचा लघुपट महोत्सव भरवतंय. दोन सभागृहं, रोज चार खेळ, साठेक फिल्म, प्रत्येक फिल्म दोनदा. ट्रेलर, पोस्टर, रील, स्टेजमागचा बॅकड्रॉप, सगळं त्याने एकट्याने करायचंय आणि हातात सहा आठवडे आहेत. सुरुवात कुठून करू, कॅमेरा कोणता घेऊ आणि पैसे किती सांगू, असे त्याचे तीन प्रश्न आहेत.

कॅमेऱ्यापासून सुरुवात करू नका. माझ्या पहिल्या महोत्सवात मी तेच केलं होतं. भाड्याने भारी लेन्स आणली, पहाटे रामकुंडावर जाऊन धुकं, दिवे, कबुतरं टिपली, वर बासरी चढवली आणि दीड मिनिटाची फिल्म केली. सगळ्यांनी वाहवा केली. आठवड्याने एका काकांनी विचारलं, "हे गोदाआरतीचं आहे का?" त्यांचं काही चुकलं नव्हतं. महोत्सवाची तारीख शेवटी चार सेकंद दिसत होती, आणि नंतर तीही बदलली.

तारीख बदलते, प्रमुख पाहुणे बदलतात, सभागृह बदलतं. दुसऱ्या दिवशी दुपारच्या खेळातली एक फिल्म येत नाही आणि तिच्या जागी दुसरी लागते. प्रायोजक आदल्या संध्याकाळी वाढतो. महोत्सवाचं डिझाइन म्हणजे हे बदल झेपणारं डिझाइन. एक देखणं पोस्टर कोणीही करतो. तेच पोस्टर अकरा वेळा बदलून अकराव्यांदाही त्याच घरचं दिसलं पाहिजे, आणि त्या बदलाला वीस मिनिटांपेक्षा जास्त लागता कामा नये. म्हणून पहिल्या आठवड्यात चित्र काढायला बसू नका. आयोजकांकडून वेळापत्रक मागा. कच्चं असलं तरी चालेल. दिवस किती, खेळ किती, कुठल्या खेळात काय, चर्चा कधी, जेवणाची सुट्टी कधी. (थंडीत सकाळी नऊचा खेळ ठेवलाय का, तेही बघून घ्या. जानेवारीत नाशिकचा माणूस नऊला घराबाहेर पडत नाही. दहा करा म्हणावं.) हे हातात आलं की डिझाइनला हाडं मिळतात.

आता ओळख, म्हणजे ज्याला सगळे आयडेंटिटी म्हणतात ती. नाशिकमध्ये सिनेमाचं काहीही असलं की दादासाहेब फाळके येणारच. यायलाही हवेत. ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला जन्म, १९१३ साली मुंबईत पहिला चित्रपट दाखवल्यावर सगळा पसारा घेऊन नाशिकला मुक्काम, आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी इथेच निधन. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. पण तपकिरी रंगातला त्यांचा चेहरा, बाजूला रीळ, वर क्लॅप आणि खाली पॉपकॉर्न ही जुळणी मी निदान तीस पोस्टरांवर पाहिली असेल. ती बघून कोणाचा पाय थांबत नाही.

फाळके मुळात आपल्याच धंद्यातले होते, हे मात्र कोणी बघत नाही. जे. जे. कला विद्यालय, मग बडोद्याचं कलाभवन, मग फोटोग्राफी आणि छपाई. चित्रपटासाठी भांडवल हवं होतं तेव्हा त्यांनी काय केलं? कुंडीत वाटाण्याचं रोप लावलं, महिनाभर ते रोज थोडं थोडं टिपलं आणि काही क्षणांत झपझप वाढणाऱ्या रोपाची छोटी फिल्म पैसे देणाऱ्याला दाखवली. कर्ज मिळालं. आपल्याकडचा हा पहिला प्रोमो म्हणायला हरकत नाही. त्यात 'भव्य', 'दिव्य', 'प्रथमच' असलं काही नव्हतं. जे दुसरीकडे बघायला मिळणार नाही असं एकच काहीतरी होतं.

'राजा हरिश्चंद्र'च्या वेळची त्यांची जाहिरातही प्रसिद्ध आहे. ५७ हजार छायाचित्रं, दोन मैल लांबीचं चित्र, दर फक्त तीन आणे. नाटक पाच-सहा तास चालायचं, त्यापुढे हे तासाभराचं चित्र लोकांना महाग वाटत होतं, म्हणून त्यांनी ते मोजून दाखवलं. मी एकदा गंमत म्हणून हिशेब केला. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी बसतात आणि तो चित्रपट ३,७०० फुटांचा होता. गुणाकार ५९ हजारांच्या घरात जातो, म्हणजे छायाचित्रांचा आकडा बऱ्यापैकी प्रामाणिक. दोन मैल मात्र साहेबांनी ताणले. ३,७०० फूट म्हणजे पाऊण मैलसुद्धा नाही. तरी त्या तीन ओळींत काय आहे, किती आहे आणि केवढ्याला, हे सगळं आलं. तुमच्या पोस्टरवर यापेक्षा जास्त काही लागत नाही. फक्त दिवस, वेळ आणि जागा जोडा.

एका छोट्या महोत्सवासाठी मी काय केलं ते सविस्तर सांगते. नक्कल करू नका, पण रस्ता कसा सापडतो ते कळेल. फाळक्यांच्या काळी कच्ची फिल्म छिद्रं न पाडलेली यायची. ती भोकं पाडायचं काम घरी चालायचं आणि त्यात सरस्वतीबाई फाळके असायच्या. फिल्म धुणं, भोकं पाडणं आणि वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक. मला चेहरा नको होता, काम हवं होतं. ते सापडलं. ३५ मिलिमीटरच्या प्रत्येक चौकटीला दोन्ही कडांना चार-चार भोकं असतात. आमच्याही महोत्सवात दिवसाला चार खेळ होते. झालं. पोस्टरच्या डाव्या कडेला गोल कोपऱ्यांची चार उभी भोकं. सकाळच्या खेळाच्या पोस्टवर पहिलं भोक भरलेलं, दुपारच्या पोस्टवर दुसरं. मोठं सभागृह तांब्याच्या रंगात, छोटं गडद निळ्यात. बाकी सगळं काळं-पांढरं. फिल्म बदलली तर नाव बदलायचं आणि एक फोटो बदलायचा. भोकं, रंग, जागा सगळं जिथल्या तिथे. दारावरच्या मुलांना साधा पंच दिला होता. पासवर प्रत्येक दिवसाचे चार-चार चौकोन छापले होते आणि प्रत्येक खेळाला एक भोक पाडायचं. तिसऱ्या दिवशी लोक आपले पास एकमेकांना दाखवत होते, कोणाची किती भोकं झाली म्हणून. असं काही होईल, हे मला आधी अजिबात सुचलं नव्हतं.

तुमचा महोत्सव वेगळा आहे, तुम्हाला वेगळं सापडेल. फक्त ते चिन्ह वेळापत्रकाशी बांधलेलं असू द्या. नुसती शोभा दुसऱ्या आठवड्यात जड होते.

अक्षरांवर जरा थांबते, कारण मराठी डिझाइनमधल्या निम्म्या फजित्या तिथे होतात. माझीही झालीय. दहा बाय आठचा फ्लेक्स होता, सभागृहाच्या फाटकावर लावायचा. मी छापणाऱ्याकडे एडिट होणारी फाइल पाठवली, अक्षरांची आउटलाइन, म्हणजे अक्षरांचे पक्के आकार, न करता. त्यांच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नव्हता. फाइल उघडली, दुसरा फॉन्ट बसला, पहिली वेलांटी एक अक्षर पुढे सरकली. सकाळी सात वाजता फाटकावर दहा फुटी फ्लेक्सवर 'चत्रिपट महोत्सव' झळकत होता. उद्‌घाटनाला पावणेतीन तास. शेवटी व्हिनाइलची दोन अक्षरं कापून वर चिकटवली आणि जवळून बघणाऱ्याला ती अख्खे तीन दिवस दिसत होती. चूक माझी होती. तेव्हापासून पीडीएफ, सगळी अक्षरं आउटलाइन केलेली, आणि छपाई सुरू झाल्यावर पहिल्या फुटाचा फोटो व्हॉट्सअॅपवर मागायचा, हे मी कधी चुकवत नाही.

व्हिडिओत हाच घोळ वेगळ्या रूपात येतो. आफ्टर इफेक्ट्स किंवा प्रीमियरमध्ये देवनागरी टाकण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन दक्षिण आशियाई लिप्यांचं इंजिन निवडा, नाहीतर जोडाक्षरं फुटतात. इंग्रजी टायटलला अक्षरं लांब लांब पसरवायची फॅशन आहे. तोच आकडा देवनागरीला लावला की शिरोरेखा तुटते आणि 'म हो त्स व' असा दातपडका शब्द समोर येतो. ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं हे अंतर, शून्यावर ठेवा. मोकळेपणा हवा असेल तर फॉन्ट रुंद घ्या. आणि एक-एक अक्षर उडत येण्याचे तयार अॅनिमेशन प्रीसेट मराठीला लावू नका. 'दिग्दर्शक'मधला 'द' आधी येतो, त्याची वेलांटी मागून येते, 'ग्द' तर अधांतरी लटकतो. अख्खा शब्द हलवा.

फॉन्ट निवडताना 'ल' आणि 'श' बघा. बऱ्याच फॉन्टमध्ये आपोआप हिंदी वळणाची रूपं येतात आणि मराठी डोळ्याला ती खटकतात. वाचणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी परकं वाटतं. टिरो देवनागरीत मराठी, हिंदी आणि संस्कृतसाठी तीन वेगळे फॉन्ट आहेत, मराठीचा घ्या. 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बालू' हेही फुकट आहेत आणि छपाईला, व्हिडिओला बिनधास्त वापरता येतात. आयोजकांकडून मजकूर नेहमी युनिकोडमध्ये मागा. आणि 'आंतरराष्ट्रीय' लिहा, 'अंतरराष्ट्रीय' नाही. पोस्टर लागल्यावर हे सांगणारे शहरात खूप आहेत, लागण्याआधी सांगणारा एकही भेटत नाही. छापण्याआधी एखाद्या निवृत्त मराठीच्या बाईंना दाखवा. मी दाखवते.

आता व्हिडिओ. 'प्रोमो' या एका शब्दात तीन वेगळी कामं दडलेली असतात आणि आयोजक तिन्ही एकाच फिल्मकडून मागतात. त्यांना पहिल्याच बैठकीत हे समजावा.

पहिलं, प्रत्येक खेळाआधी पडद्यावर लागणारी सिग्नेचर फिल्म. तुमच्याकडे तीन दिवस, रोज चार खेळ. म्हणजे पास घेऊन बसलेला रसिक ती बारा वेळा बघणार. पहिल्या वेळी टाळ्या घेणारा विनोद सहाव्या वेळी डोक्यात जातो आणि दहाव्या वेळी लोक तोच आवाज काढून चिडवतात. म्हणून तिच्यात संवाद नको, विनोद नको, पाहुण्यांचे फोटो तर मुळीच नकोत. वीस-पंचवीस सेकंद, एकच कृती आणि कान तृप्त करणारा आवाज.

त्या भोकांच्या महोत्सवाची फिल्म मी घरातल्या टेबलावर केली होती. जाड काळा कार्डशीट, त्यात कानशीने साफ केलेली चार भोकं. मागे टॉर्च, मध्ये उदबत्तीचा धूर, खोली अंधारी. पहिलं भोक आतून उघडतं आणि उजेडाची पट्टी धुरातून सरळ कॅमेऱ्याकडे येते. मग दुसरं, तिसरं, चौथं. चौथ्यानंतर कार्ड वर सरकतं आणि सगळा पडदा पांढरा. त्या पांढऱ्यातून महोत्सवाचं नाव काळ्यात. मोबाइलवर शूट केलं, सेटिंग हाताने ठेवून. आवाज जुन्या नाशकातल्या तांबट आळीतला, भांड्यावर हातोडी पडते तो. नाशिक ढोल सगळेच वापरतात. तांब्यावरचा ठोका कोणी वापरत नाही, आणि त्याची कंप पावत विरणारी शेपटी सभागृहात काय सुंदर पसरते! एका कारागिराला विचारून अर्धा तास रेकॉर्डर ठेवला होता. मध्येच त्यांनी विचारलं, "सिनेमात भांडं दिसणार का?" नाही म्हटल्यावर जरा हिरमुसले.

एक साधी गोष्ट. ट्यूबलाइटखाली किंवा स्वस्त एलईडीखाली शूट करत असाल तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्‌झची, दुसऱ्या शटरला पट्ट्या फिरताना दिसतात. मोबाइल आपोआप ठरवतो आणि घोळ घालतो. फ्रेमरेटचं, म्हणजे सेकंदाला किती चौकटी, तेही आधी ठरवा. थिएटरमध्ये डीसीपी, म्हणजे थिएटरच्या प्रोजेक्टरसाठीची डिजिटल प्रत, चालणार असेल तर २४. तुम्ही २५ वर काम केलंत आणि शेवटी २४ ला ओढलंत, तर फिल्म चार टक्के हळू होते आणि आवाज सांभाळला नाही तर सूरही उतरतो. डीसीपीची चौकट साधारणपणे १९९८ बाय १०८०, किंवा जास्त रुंद अशा स्कोपमध्ये २०४८ बाय ८५८ असते. यूट्यूबचं १९२० बाय १०८० त्यात जसंच्या तसं बसत नाही, कडेला काळं येतं. डीसीपी-ओ-मॅटिक हे सॉफ्टवेअर फुकट आहे, घरी करून बघा. नाट्यगृहात लॅपटॉपवरूनच फिल्म चालवणार असतील तर डीसीपीचा त्रास घेऊ नका. चांगल्या बिटरेटची फाइल पेनड्राइव्हवर द्या आणि एक जादा पेनड्राइव्ह खिशात ठेवा.

दुसरं काम ट्रेलरचं. तो बघणारा बाहेरचा असतो, एकदाच बघणार असतो, आणि त्याला एवढंच हवं असतं की इथे काय बघायला मिळेल. साठ फिल्ममधून मिनिटभराचा ट्रेलर काढायचा म्हणजे प्रत्येकीला एक सेकंद, हा हिशेब डोक्यातून काढून टाका. दिग्दर्शक रुसतील, रुसू द्या. त्यांना त्यांच्या फिल्मची वेगळी पोस्ट मिळणारच आहे. मी फिल्म बघताना कथानकाप्रमाणे नोंदी करत नाही, हालचालीप्रमाणे करते. दार उघडणं. मागे वळून बघणं. पाण्यात हात. धावणं. वाहनाच्या खिडकीतून बाहेर बघणं. साठ फिल्ममध्ये किमान नऊ दारं उघडतात, बघाच तुम्ही. मग एका फिल्ममधल्या म्हातारीने दार ढकललं की दुसऱ्या फिल्ममधला शाळेचा वर्ग दिसतो, तिथल्या मुलीने उजवीकडे बघितलं की तिसऱ्या फिल्ममधली एसटी धूळ उडवत येते. बघणाऱ्याला वाटतं ही एकच गोष्ट आहे, आणि पुढे काय हे बघायला तो तारखेपर्यंत थांबतो. शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यातलं काही घ्यायचं नाही, हा माझा नियम. दहा मिनिटांच्या फिल्मचा शेवट ट्रेलरमध्ये दाखवलात तर बाकी काही उरत नाही.

यासाठी परवानगी आधी लागते. प्रवेश अर्जातच एक ओळ असावी, की प्रसिद्धीसाठी अमुक सेकंदांपर्यंतचा भाग आणि फोटो वापरू. तुमच्या आयोजकांनी ती घातली नसेल तर आजच सगळ्यांना मेल करायला सांगा, आणि त्याच मेलमध्ये वॉटरमार्क नसलेली फाइल मागा. निवड समितीला आलेल्या प्रतींवर आडवा शिक्का असतो, त्यातून ट्रेलर कापता येत नाही. सेन्सॉरचं प्रमाणपत्र नसलेल्या फिल्म महोत्सवात दाखवायला माहिती आणि प्रसारण मंत्रालयाची सूट घ्यावी लागते. ते काम आयोजकांचं, पण नाव छापण्याआधी 'झालंय का?' एवढं विचारून ठेवा. मला एकदा अख्खी पुस्तिका परत छापायला लागली होती.

संगीतात जुनी गाणी टाकायचा मोह होतो. आपल्याकडे चित्रपटाचा आणि ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर ६० वर्षं असतो, म्हणून लोक म्हणतात जुनं आहे, फुकट आहे. पण गीतकार आणि संगीतकाराचा हक्क त्यांच्या निधनानंतर ६० वर्षं टिकतो. चित्रपट मोकळा, गाणं बांधलेलं, असं सर्रास असतं. फाळक्यांचे मूकपट मोकळे आहेत, पण चांगली प्रत ज्या संग्रहालयाकडून घ्याल त्यांच्या अटी वेगळ्या. शहरातल्या एखाद्या तबला शिकणाऱ्या मुलाला दोन तासांचे पैसे द्या आणि कागदावर सही घ्या. स्वस्त पडतं, शिवाय यूट्यूब आवाज बंद करत नाही.

तिसरं काम म्हणजे रील आणि व्हॉट्सअॅप. उभी चौकट १०८० बाय १९२०. ट्रेलर आडवा करून मग कापून उभा करू नका. शूट करतानाच दोन्ही चौकटी डोळ्यापुढे ठेवा. खालच्या साधारण साडेतीनशे पिक्सेलमध्ये नाव, बटणं, मजकूर येतो, तिथे तारीख ठेवलीत तर ती कोणालाच दिसत नाही. रीलवर आवाज बंद ठेवून बघणारे खूप असतात, तेव्हा मजकूर लिहाच, आणि प्रत्येक ओळ स्वतः मोठ्याने दोनदा वाचून होईल इतका वेळ ठेवा. एकदा वाचून होईल एवढाच ठेवला तर आई वाचेपर्यंत ती गेलेली असते. नाशिकमध्ये खरं आमंत्रण व्हॉट्सअॅपवरच जातं. सोसायटीचा ग्रुप, वाचनालयाचा ग्रुप, सायकलवाल्यांचा ग्रुप. म्हणून पोस्टर छापण्याआधी मोबाइलवर अंगठ्याच्या नखाएवढं करून बघा. दिवस, वेळ, जागा वाचता आली तरच पुढे.

ड्रोनचं विचाराल म्हणून आधीच सांगते. नको. घाटाचे वरून घेतलेले शॉट लोकांनी एवढे पाहिलेत की नजर त्यावर घसरते. त्यात नाशिकमध्ये देवळालीची लष्करी छावणी, नाशिकरोडची नोटांची छपाई, ओझरचा विमानतळ असं बरंच काही आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार लाल-पिवळा-हिरवा नकाशा बघितल्याशिवाय उडवणं म्हणजे पोलीस स्टेशनची पायरी.

पोस्टर कुठे लावायचं हेही डिझाइनमध्येच येतं. चौकातल्या होर्डिंगपेक्षा मला कॉलेज रोडचे चहाचे ठेले, केटीएचएम आणि एचपीटी कॉलेजांच्या फलकांवरचा ए-थ्री कागद, सार्वजनिक वाचनालय, गंगापूर रोडचं कुसुमाग्रज स्मारक आणि रविवारी सकाळी मिसळीच्या ठिकाणी टेबलावर उभं राहणारं छोटं कार्ड जास्त पटतं. मिसळ येईपर्यंत माणूस काहीही वाचतो. क्यूआर कोड तिथेच द्या. सिग्नलवरच्या फ्लेक्सवर देऊ नका. अंदाज असा, की जेवढ्या अंतरावरून स्कॅन करायचं त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढी कोडची रुंदी हवी. वीस फुटांवरून म्हणजे दोन फुटांचा कोड, आणि हिरवा लागल्यावर कोण स्कॅन करणार? होर्डिंग लावायचंच असेल तर महापालिकेची परवानगी आयोजकांनी काढलेली असावी. तिचा क्रमांक फ्लेक्सवर यायला हवा, त्याची जागा आधीच सोडा.

प्रायोजकांचे लोगो ही वेगळी कहाणी. त्यांना पोस्टरच्या तळाशी एक पांढरी पट्टी द्या, सगळे एका उंचीचे, एका रंगात. आणि कोणा मान्यवरांचा फोटो टाकाच म्हणून फोन आला तर भांडू नका, त्यांच्यासाठी वेगळा शुभेच्छा फ्लेक्स करून द्या, तोही फाटकाजवळ लावा. तो मुख्य पोस्टरपेक्षा मोठा झाला तरी चालेल. माणसं खूश, पोस्टर सुखरूप. ही युक्ती मला गणेशोत्सवाने शिकवली, तुम्हाला तर ती माहीत असणारच.

पैशांचं. आकडा मी सांगणार नाही, मंडळ हौशी आहे आणि तुमचा खर्च तुम्हाला माहीत. पण सगळं मिळून एक रक्कम सांगू नका. सिग्नेचर फिल्म एक, ट्रेलर एक, मुख्य पोस्टर आणि त्याचा साचा एक, खेळांच्या पोस्ट चोवीस, बॅकड्रॉप, पास, आणि महोत्सवात तिथे बसून बदल करण्याचे तीन दिवस, अशी यादी करा आणि प्रत्येकापुढे रक्कम लिहा. शेवटची ओळ सगळे विसरतात आणि खरी दमछाक तीच असते. पैसे कमी पडले तर ते यादीतलं काहीतरी काढतील. तुम्ही रक्कम कमी करू नका, काम कमी करा. प्रत्येक कामात दोन वेळा दुरुस्ती, तिसऱ्यापासून वेगळे पैसे. निम्मे आगाऊ. छपाईचं बिल थेट मंडळाच्या नावाने, तुमच्या खिशातून नाही. आणि मंडळातून शेवटचं 'हो' म्हणणारा माणूस एकच असू द्या. सात जणांच्या ग्रुपवर पोस्टर टाकलंत की सात रंग सुचवले जातात.

कॅमेरा विकत घेऊ नका. तुमच्याकडे लग्नांसाठी जो आहे तो पुरेल, फार तर मॅक्रो लेन्स दोन दिवस भाड्याने आणा. त्या पैशांत एक बरा माइक घ्या.

आणि या आठवड्यात एक दुपार काढून दोन्ही सभागृहांत जाऊन या. पेनड्राइव्हमध्ये तीन गोष्टी न्या: काळ्यावर पांढरी अक्षरं, पांढऱ्यावर काळी, आणि गडद निळ्यावर तांबडी. प्रोजेक्टर लावायला सांगा आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसा. नाट्यगृहात दारांच्या फटींतून उजेड येतो, पडदा कधी कधी पिवळट असतो, आणि आपल्या मॉनिटरवर मखमली दिसणारा काळा तिथे राखाडी होतो. तांबडं वाचता येत नसेल तर रंग बदला, अजून काहीच छापलेलं नाही. आवाजही तिथेच ऐका, शक्यतो तिथल्या साउंडवाल्या दादांसोबत. त्यांना चहा पाजा आणि सिग्नेचर फिल्मच्या वेळी फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकती कळ, कुठे ठेवायचा त्यावर पांढऱ्या टेपची खूण करून घ्या.